मेंढपाळाचं नाव रोगाला

श्रोतेहो, नमस्कार.

आंब्याची आढी घातली की रोज हात फिरवून नासका आंबा बाहेर काढावा लागतो. राहिला, तर शेजारचा डागळतो, मग त्याच्या शेजारचा. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या व्हेरोना शहरात एका वैद्यांनी द्राक्षं आणि सफरचंदं अशीच एकमेकांना लागून नासताना पाहिली आणि माणसांच्या साथींचा विचार केला. त्यांचं नाव जिरोलामो फ्राकास्तोरो. पादुआच्या विद्यापीठात शिकले, तिथेच शिकवलं, पुढे व्हेरोनात वैद्यकी केली. आणि लॅटिनमध्ये कविता लिहिली.

त्या काळी गरमीच्या रोगाने, म्हणजे शरीरसंबंधातून लागणाऱ्या एका रोगाने, युरोप हादरला होता. १४९५ साली फ्रेंच सैन्य नेपल्समध्ये शिरलं आणि त्याच्या मागोमाग रोग गावोगाव पोचला. इटलीतले लोक म्हणत, हा फ्रेंच रोग. फ्रेंच म्हणत, हा नेपल्सचा रोग. आपल्याकडे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तो फिरंग रोग म्हणून आला. ज्याने त्याने तो दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला. फ्राकास्तोरोंनी १५३० साली या रोगावर तीन सर्गांचं काव्य छापलं. फ्रेंच रोग हे शब्द त्यांच्याही शीर्षकात आहेत, पण त्या शब्दांच्या आधी एक नवं नाव आहे. ते कुठून आलं, तीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

समुद्रापलीकडे एक देश. तिथे अल्किथोअस नावाचा राजा आणि त्याची गुरंमेंढरं राखणारा सिफिलस. उन्हाळा असा पेटला की झाडाला सावली राहिली नाही. मेंढरं पटापट मरायला लागली. एक दिवस सिफिलसने सूर्याकडे मान वर केली आणि त्याला खडसावून विचारलं, तुला देव का म्हणायचं? माझ्या राजाकडे हजार गुरं, हजार मेंढ्या. तुझ्याकडे आभाळात काय, तर एक बैल, एक मेंढा आणि राखणीला एक कुत्रा!

श्रोतेहो, हा बैल म्हणजे वृषभ रास, मेंढा म्हणजे मेष आणि कुत्रा म्हणजे व्याधाचा तारा. तहानेने मरणारं जनावर समोर असलेला गुराखी असंच बोलेल. या तीन ओळींसाठी मी ते काव्य पुन्हा पुन्हा काढतो. वैद्यकीच्या मुलांना कविता शिकवावी असं मला मनापासून वाटतं. रुग्ण कसा बोलतो, ते कानाला कळतं.

तर सिफिलसने राजाची पूजा मांडली. राजाही सुखावला, म्हणाला, यापुढे पूजा माझीच. सूर्य कोपला. त्याने हवेत, पाण्यात, मातीत विष सोडलं. पहिला बळी सिफिलस. अंगभर फोड, सांधे ठणकतात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मग राजालाही तेच झालं. शेवटी सिफिलसला बळी द्यायचं ठरलं. ऐन वेळी देवांना दया आली, त्याच्या जागी जनावर आलं आणि त्या भूमीतून ग्वायकम नावाचं औषधी झाड उगवलं. रोगाला मात्र मेंढपाळाचं नाव राहिलं, सिफिलिस. पुढे जगभरच्या डॉक्टरांनी तेच उचललं.

नाव देशाचं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण अजून गुप्तरोग म्हणतो. त्या शब्दानेच माणूस दवाखान्याची पायरी चढायला घाबरतो. तो शब्द सोडून द्यावा.

आता थोडक्यात फ्राकास्तोरोंचा आणखी एक ग्रंथ, १५४६ सालचा, संसर्गावरचा. रोगाची सूक्ष्म बीजं असतात आणि ती तीन वाटांनी जातात. पुन्हा सांगतो, तीन वाटा. एक, अंगाला अंग लागून. दोन, रोग्याच्या कपड्यांतून, वस्तूंतून. तीन, दुरून, हवेतून. सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हता. सिफिलिसचा जंतू दिसला तो १९०५ साली, जर्मनीत.

फ्राकास्तोरो १५५३ साली गेले. व्हेरोनाच्या एका चौकात कमानीवर त्यांचा पुतळा आहे, हातात दगडी गोल. खालून पहिला सज्जन माणूस जाईल तेव्हा तो गोल त्याच्या डोक्यावर पडेल, असं तिथले लोक सांगतात. गोल अजून हातातच आहे.