१७ नंबरचा पाना: प्रौढ वयात स्पॅनिश बोलायला शिकताना

श्रोतेहो, नमस्कार.

वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला एखादी नवी भाषा, परीक्षेपुरती नव्हे तर समोरच्याशी सुखदुःखाच्या चार गोष्टी बोलण्याइतकी, शिकता येते का, हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. शिकता येते. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाला तर ती अधिक सहज शिकता येते, असे माझे ठाम मत आहे, आणि ते कसे बनले हे सांगण्यासाठीच मी आज आपल्यासमोर आलो आहे.

उद्यमबागेतील एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. स्पेनहून येणाऱ्या सुट्या भागांच्या लाकडी पेट्यांवर काळ्या शाईत ‘एस्ते लादो आर्रिबा’ असे तीन शब्द छापलेले असत. ‘ही बाजू वर’ एवढाच त्यांचा अर्थ. तो मला कोणी सांगितला नव्हता. शेजारी काढलेल्या बाणावरून तो मला उमगला, आणि ज्या दिवशी उमगला त्याच दिवशी, वयाच्या ४८व्या वर्षी, मी स्पॅनिश शिकायचे ठरवले. ही २० देशांची राजभाषा आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे, हे मला नंतर कळले.

पहिले दीड वर्ष मी पुस्तकातून आणि मोबाइलवरून शिकलो. रोज पहाटे पाच ते सहा हा तास मी त्यासाठी राखून ठेवला होता. दोनशे पानी वह्यांमध्ये क्रियापदांचे तक्ते उतरवले, आर, एर आणि इर या तीन शेवटांची क्रियापदे काळानुसार आणि पुरुषानुसार कशी बदलतात ते घोकले, आणि शब्दांच्या याद्या करता करता आकडा दीड हजारांवर गेला. या सगळ्या काळात मी स्पॅनिशमध्ये बोललो मात्र कोणाशीही नव्हतो. हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो: दीड वर्षात दीड हजार शब्द जमले होते आणि बोललो मी एकाही माणसाशी नव्हतो.

मग पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे नवे यंत्र आले आणि ते बसवण्यासाठी स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातून एक फिटर तीन आठवड्यांसाठी आला. हा प्रदेश यंत्रे बनवण्याच्या कामात जुना आणि नावाजलेला आहे. त्या गृहस्थांचे इंग्रजी जेमतेम होते. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितले, ‘तुम्ही त्यांची भाषा शिकता आहात ना? मग तीन आठवडे तुम्ही त्यांच्याबरोबरच राहा.’ त्या रात्री मी बारा वाजेपर्यंत जागून स्वागताची वाक्ये पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये पोहोचलो, तेव्हा फिटर यंत्राच्या पायाखाली उताणे झोपले होते आणि त्यांचा फक्त उजवा हात बाहेर दिसत होता. आतून आवाज आला, ‘ला याबे देल दिएथिसिएते!’ त्यातला ‘याबे’ हा शब्द मला ओळखीचा होता. याबे म्हणजे किल्ली. आपली मराठी ‘चावी’ ज्या पोर्तुगीज शब्दावरून आली तो शब्द आणि हा स्पॅनिश शब्द एकाच लॅटिन मुळातून निघाले आहेत, हे माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेले होते. मी तसाच ऑफिसात गेलो, खिळ्यावरचा सगळा जुडगा काढून आणला आणि त्या हातात ठेवला. हाताने जुडगा चाचपला, तो हळूच जमिनीवर ठेवला, आणि मग नुसते मनगट अर्ध्या वेढ्यात फिरवून दाखवले.

माझ्या शेजारी खानापूर तालुक्यातला बावीस-तेवीस वर्षांचा एक हेल्पर उभा होता. स्पॅनिशचे एक अक्षरही त्याच्या कानावर कधी पडलेले नव्हते. तो म्हणाला, ‘काका, किल्ल्या नकोत त्यांना. पाना पायजे. हात बघा की त्यांचा.’ आणि त्याने पेटीतून पाना काढून दिला. पहिला लहान पडला, दुसरा बरोबर बसला. तो १७ नंबरचा होता. स्पॅनिशमध्ये किल्लीलाही याबे म्हणतात आणि पान्यालाही याबेच म्हणतात, आणि दिएथिसिएते म्हणजे सतरा. माझ्या वहीत या शब्दाचा पहिला अर्थ होता, दुसरा नव्हता. त्या मुलाजवळ वहीच नव्हती. त्याने हाताकडे पाहिले.

पुढे जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या मुलाने तो शब्द मोठ्याने उच्चारून पाहिला. ‘यावे?’ खालून दुरुस्ती आली, ‘याबे.’ मुलगा म्हणाला, ‘याबे.’ खालून आवाज आला, ‘सी, याबे.’ मग त्याने हातोडा उचलून दाखवला, नट दाखवला, तेलाचा डबा दाखवला. प्रत्येक वेळी नाव आले, प्रत्येक वेळी त्याने ते दोनदा म्हटले, आणि लगेच पुढच्या मागणीला वापरले. संध्याकाळी हात धुताना त्याला अकरा शब्द येत होते आणि अकराच्या अकरा त्याने त्या दिवशी कामात आणलेले होते.

तेव्हा मला माझी आई आठवली. ती चंदगडकडून लग्न होऊन बेळगावात आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता. भाजीबाजारात जाऊन ‘एष्ट री?’ म्हणजे ‘कितीला?’ आणि ‘कडिमी माडरी’ म्हणजे ‘कमी करा’ या दोन वाक्यांवर तिने सुरुवात केली आणि वर्षाच्या आत भाजीवालीच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी ती कन्नडमध्ये करत होती. आपण सगळे असेच शिकलो आहोत.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घरी ठेवली. अकराच्या चहाला फिटरनी मला विचारले, ‘ते गुस्ता?’ म्हणजे ‘तुला आवडतो का?’ मी हे वाक्य नेहमी इंग्रजीतून जुळवत असे आणि म्हणून ते माझ्या तोंडात मोडत असे, कारण इंग्रजीत ‘मी’ आवडून घेतो. त्या क्षणी मी मराठीतून विचार केला. मला चहा आवडतो: मे गुस्ता एल ते. अगदी शब्दाला शब्द बसला. आंबा आवडतो तेव्हा गुस्ता, आंबे आवडतात तेव्हा गुस्तान. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलते, जसे आपल्याकडे बदलते. इंग्रजी शाळांमध्ये शिकलेली माणसे या रचनेपाशी महिनेच्या महिने अडखळतात आणि आपल्याला ती आईच्या दुधातून मिळालेली आहे.

जेवणाच्या सुट्टीत हेल्परच्या डब्यात भाकरी आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा होता. फिटरनी बोटाने दाखवून विचारले, ‘पिका?’ पिकार म्हणजे डसणे, टोचणे. म्हणजे ते विचारत होते, ‘झोंबतो का?’ इंग्रजीत गरमही हॉट आणि तिखटही हॉट, त्यामुळे परदेशी पाहुण्याला ठेचा समजावताना आमची नेहमी तारांबळ उडत असे. स्पॅनिशमध्ये मात्र गरम वेगळे आणि झोंबणारे वेगळे, आपल्यासारखेच. मी म्हणालो, ‘पिका मुचो.’ त्यांनी तरीही भाकरीला लावून खाल्ला, डोळे पुसले आणि पुन्हा मागितला. मिरची मुळात मेक्सिकोकडची आणि आपल्या निपाणीचा तंबाखूही अमेरिका खंडातून आलेला, हे सांगायला तेव्हा माझ्याकडे वाक्ये नव्हती. ती पुढच्या आठवड्यात आली.

दहा तारखेला शेडमध्ये कोणीतरी ‘पगार झाला का?’ असे विचारले आणि फिटरनी मान वर केली, ‘पगार?’ स्पॅनिशमध्येही पगार म्हणजे पैसे देणे. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला आणि चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात, त्यांचे राज्य सुमारे ४५० वर्षे होते. त्या दिवशी सगळा शेड त्या एका शब्दाभोवती जमला होता.

आणि ज्या क्षणासाठी मी ही हकीकत सांगतो तो क्षण तिसऱ्या आठवड्यातला आहे. चहा पिताना फिटर म्हणाले की त्यांच्या घरी स्पॅनिश बोलत नाहीत. घरी एउस्केरा, म्हणजे बास्क लोकांची स्वतःची भाषा, आणि कारखान्यात स्पॅनिश. एउस्केराचे जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते नाही. हेल्परने मला विचारले, ‘काय म्हणतात ओ ते?’ मी सांगितले. तो म्हणाला, ‘मग आपलं काय निराळं आहे? घरात मराठी, बाजारात कन्नड.’ मी फिटरकडे वळलो आणि माझ्या तोंडून दोन शब्द गेले, ‘अकी ताम्बिएन.’ येथेही तसेच. ते दोन शब्द मी पाठ केलेले नव्हते, जुळवलेले नव्हते, ते आपोआप आले. फिटरनी कप खाली ठेवला आणि त्यांच्या आजीविषयी बोलू लागले. मला निम्मेच समजले, पण मी मध्ये प्रश्न विचारू शकलो आणि ते अर्धा तास बोलत राहिले. दीड वर्षात जे घडले नव्हते ते त्या अर्ध्या तासात घडले.

आता ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. सुरुवातीला चार वाक्ये तोंडात बसवावीत. ‘कोमो से यामा एस्तो?’ याला काय म्हणतात? ‘मास देस्पाथिओ, पोर फाबोर’, कृपया सावकाश. ‘ओत्रा बेथ’, पुन्हा एकदा. ‘नो एन्तिएन्दो’, मला समजले नाही. याला काय म्हणतात, सावकाश, पुन्हा एकदा, समजले नाही. ही चार वाक्ये ज्याच्याकडे आहेत त्याला समोरचा माणूसच शिकवतो.

उच्चारांची भीती बाळगू नये. स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ या स्वरांच्या अगदी जवळचे आहेत, त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात, आणि ‘निन्यो’ म्हणजे लहान मूल या शब्दातला ञ आपल्या वर्णमालेत आधीपासून आहे. र मात्र काळजीने म्हणावा: पेरो म्हणजे पण, आणि र घोळवून पेर्रो म्हटले की कुत्रा. स्पेनच्या बहुतेक भागांत जिथे जीभ दातांत धरून थसारखा आवाज काढतात, तिथे लॅटिन अमेरिकेत सरळ स म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत, एक धरावा आणि चालावे. लिंगाप्रमाणे विशेषण बदलते हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. परक्याला ‘उस्तेद’ म्हणावे. त्याच्यामागे क्रियापद तृतीय पुरुषी येते, जसे आपण समोरच्यालाच ‘काय, रावसाहेब आज लवकर आले?’ असे विचारतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना स्पॅनिशसाठी सुमारे ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात असे धरते. हा आकडा ऐकून कोणी मागे सरू नये. माझी विनंती एवढीच आहे की आपल्या तासांपैकी निम्मे तरी तास दुसऱ्या माणसाशी बोलण्यात जावेत आणि ते पहिल्या महिन्यापासून जावेत. बेळगावात स्पॅनिश बोलणारा मनुष्य सहज भेटत नाही, हे मला मान्य आहे. पण व्हिडिओ कॉलवरून मराठी किंवा इंग्रजी शिकू पाहणारा स्पॅनिश भाषक शोधता येतो. अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास आपली.

ते फिटर आजही मला महिन्यातून एकदा फोन करतात. गेल्या जुलैत त्यांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे सात दिवस सूर्य दिसला नव्हता. मी म्हणालो, ‘युएबे मुचो’, फार पाऊस आहे. ते म्हणाले की त्यांच्याकडेही आहे, पण मोठा नाही, बारीक बारीक पडतो आणि थांबत नाही. त्याला त्यांच्याकडे ‘सिरिमिरी’ म्हणतात. मी त्यांना आपला ‘भुरभूर’ शब्द दिला. हेल्पर शेजारीच उभा होता, त्याने फोनजवळ तोंड आणून सांगितले, ‘जिटिजिटी. कन्नडात जिटिजिटी मळे.’ पलीकडून फिटरनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि विचारले, ‘ओत्रा बेथ?’

नमस्कार.