वाईटपणा कोण घेणार?

नमस्कार मंडळी, कामावरून घरी पोचलात का अजून रस्त्यातच आहात? कुठंही असा, जरा कान इकडं द्या. आज बोलू कामाच्या ठिकाणी एकमेकांना खरं सांगण्याबद्दल, ज्याला आता सगळेच फीडबॅक म्हणायलेत.

आपला मराठवाड्यातला माणूस बोलायला काही कमी नाही. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या कामाची चिरफाड होते, आणि त्यातलं बरंचसं बरोबरच असतं बरं का, फक्त ज्याचं काम आहे तो तिथं नसतो. त्यानं समोर येऊन विचारलं की, "एकदम भारी केलंय दादा!" कशाला वाईटपणा घ्यायचा, उद्या परत त्याच्याच शेजारी बसायचंय, आणि त्यात तो पाहुण्यारावळ्यातला निघाला म्हणजे झालंच.

पण गप्प बसल्याचा भुर्दंड कुणीतरी भरतंच ना. पैठणला हातमागावर पैठणी विणताना कधी बघा. पदरावरचा मोर ताण्याचे, म्हणजे उभे तार मोजून मोजून, रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्यांनी भरतात, आणि ती नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, चूक लपवायला जागाच नाही. मोराच्या मानेत दोन तार इकडचे तिकडं झाले आणि शेजारच्या मागावरून तेव्हाच कुणी म्हटलं, "ताई, मान बघा बरं एकदा," तर बोटभर विणलेलं उकलून भागतं. तेच संकोचानं तोंड मिटून बसलं तर पिसारा होईस्तोवर सगळं वाकडंच चढत जातं, मंग उकलायचं म्हणजे कितीक दिवसांची मेहनत पाण्यात. माझं म्हणणं एवढंच, उकलता येतंय तोवर सांगा. वर्षभर तोंडातून ब्र नाही आणि मार्चमध्ये अप्रेझलला बसल्यावर "तुमचे रिपोर्ट जुलैपासूनच कच्चे होते", अहो मग जुलैत काय झालं होतं सांगायला?

आणि सांगायचं ते कामाबद्दल, चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. "कालच्या बिलात जीएसटी दोनदा लागलाय" हे ऐकून माणूस दुरुस्त करतो, "तू आहेसच धांदरट" ऐकून भांडतो. मी आपला स्पष्टवक्ता म्हणत कुणाचाही पाणउतारा करणारे असतात ना, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

टोयोटाच्या कारखान्यांत लाईनवरच्या साध्या कामगारालाही काही चुकतंय दिसलं की दोरी ओढायचा अधिकार असतो. ओढली की दिवा लागतो, टीम लीडर येतो, आणि ठरल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाईन थांबते. वाळूज एमआयडीसीतल्या शॉपफ्लोअरवरच्या मंडळींना असले दिवे ओळखीचे असतील. पण येणारा लीडर दोरी ओढणाऱ्यावरच डाफरला तर दुसऱ्यांदा कोण हात लावंल हो?

म्हणून साहेब लोकांना एक सांगतो. मीटिंगच्या शेवटी घड्याळाकडं बघत "काही सूचना?" विचारलं की सगळे चप्पल शोधायला लागतात. त्यापेक्षा पुढ्यात कागद ठेवा आणि विचारा, "ह्या डिस्पॅचमध्ये घोळ कुठं होईल?" आणि पहिल्यांदा सगळ्यात नव्या पोराला विचारा, कारण सीनियर एकदा बोलले की बाकीच्यांचं "हो सर, बरोबर सर" सुरू होतं.