बफर रिकामा कधी करायचा?

लेखन-बफरवर, म्हणजे नेटवर्कवर पाठवायचा मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेवर, बोलणार म्हटल्यावरही आपण पणजीत एवढ्या संख्येने आलात, यात सभागृहाच्या वातानुकूलनाचा वाटा किती, हे मी विचारणार नाही. बफर कधी रिकामा करायचा, केवढा ठेवायचा आणि भरला तर काय करायचे, या तीन प्रश्नांवर बोलण्याचे मी कबूल केले आहे.

प्रोग्राम ‘लिहितो’ तेव्हा मजकूर थेट तारेवर जात नाही, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. तो तारेवर केव्हा सोडायचा यासाठी फोर्ड एरोस्पेसमधील जॉन नेगल यांनी १९८४ साली आरएफसी ८९६ या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक टिपणात एक नियम सुचवला. त्या काळी एक अक्षर टंकले की एका बाइटसाठी ४० बाइटांचे शीर्ष (पत्ता वगैरे माहिती) जोडून ४१ बाइटांचे पॅकेट, म्हणजे एका वेळी धाडायचा गठ्ठा, निघत असे. नेगल यांचा नियम रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणाऱ्या एकाच फेरीबोटीसारखा आहे: बोट उभी असेल तर एकटा माणूसही निघतो, आणि ती पलीकडे गेलेली असेल तर परत येईपर्यंत माणसे जमत राहतात व एकदम चढतात. बोटीचे परतणे म्हणजे मजकूर मिळाल्याची पलीकडच्या यंत्राची पोचपावती. पूर्ण आकाराचे पॅकेट मात्र पोचपावतीसाठी थांबत नाही.

आता माझी जुनी तक्रार. एका कार्यालयातील बिलिंगचा प्रोग्राम सर्व्हरशी बोलताना प्रत्येक विनंतीला सुमारे ४० मिलिसेकंद अडखळत असे. प्रथम दोष पावसावर गेला, कारण गोव्यात जून ते सप्टेंबर सगळ्या बिघाडांचा धनी तोच असतो. मग केबलवर, आणि अखेर बिचारा राउटर बदलला गेला. (राउटरला वकील नसतो.) पॅकेटे टिपून पाहिली तेव्हा कळले की प्रोग्राम आधी विनंतीचे शीर्ष लिहीत होता, मग वेगळ्या कॉलने (कर्नलला केलेल्या वेगळ्या मागणीने) मजकूर, आणि मग उत्तराची वाट पाहत होता. शीर्ष लगेच गेले, मजकूर पोचपावतीसाठी अडला. विनंती अपुरी म्हणून सर्व्हर उत्तर देईना, आणि पोचपावती उत्तराबरोबरच धाडू म्हणून त्याचे कर्नल तीही रोखून धरी. लिनक्समध्ये ही रोख साधारण ४० मिलिसेकंदांची असते, जुन्या बीएसडी या युनिक्स-प्रणालीत ती २०० पर्यंत जाई.

यावर प्रोग्रामरने ‘टीसीपी नोडिले’ (नेगल यांचा नियम बंद करणारा पर्याय) लावले, अडखळणे थांबले आणि त्याचे कौतुकही झाले. मात्र बिलातील प्रत्येक रकाना स्वतंत्र कॉलने लिहिला जात होता, त्यामुळे आता प्रत्येक रकान्याचे वेगळे पॅकेट निघू लागले. माझे म्हणणे एवढेच आहे की संदेश कुठे संपतो हे फक्त प्रोग्रामला ठाऊक असते. म्हणून त्यानेच आपल्या बफरमध्ये संदेश पूर्ण जुळवावा, किंवा ‘राइटव्ही’ने सगळे तुकडे एकाच सिस्टम कॉलमध्ये द्यावेत, आणि त्यानंतर नोडिले खुशाल लावावे. जुळवणी न करता लावलेल्या नोडिलेने दुखणे फक्त जागा बदलते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा उरलेले दोन प्रश्न धावतच घेतो.

बफरचा आकार ठरतो तो बँडविड्थ (वाटेची वहनक्षमता) आणि ये-जा करण्याचा वेळ यांच्या गुणाकाराने: सेकंदाला १०० मेगाबिटची वाट आणि १५० मिलिसेकंदांची ये-जा असेल तर सुमारे १.९ मेगाबाइट मजकूर वाटेतच असतो. लिनक्स हे गणित स्वतः सांभाळते. ‘एसओ सेंडबफ’, म्हणजे पाठवण्याच्या बफरचा आकार, हाताने ठरवला की ते स्वयंचलन बंद पडते, म्हणून मोजल्याशिवाय त्याला हात लावू नये. बफर फार मोठा झाला तर नवा संदेश जुन्यांच्या मागे ताटकळतो; त्यासाठी न पाठवलेल्या मजकुरावर ‘नॉटसेंट लोवॅट’ या पर्यायाने मर्यादा घालता येते.

भरलेल्या बफरचे उत्तर थोडक्यात असे: ब्लॉक न होणाऱ्या, म्हणजे प्रोग्रामला ताटकळत न ठेवणाऱ्या, सॉकेटवर (जोडणीच्या टोकावर) ‘ईअगेन’, म्हणजे ‘आत्ता नाही, पुन्हा पाहा’, असे उत्तर आले की लिहिणे थांबवावे, सॉकेट पुन्हा तयार झाल्याची सूचना येईपर्यंत उरलेला मजकूर मर्यादित रांगेत ठेवावा, आणि मजकूर पुरवणाऱ्यालाही थांबवावे. नेटी या जावाच्या नेटवर्क-लायब्ररीमध्ये यासाठी मुळातच ६४ किलोबाइटची वरची व ३२ किलोबाइटची खालची खूण आहे, पण वरची खूण ओलांडली तरी ती लिहिणे अडवत नाही, फक्त ‘आता लिहिण्याजोगे नाही’ असे सांगते. ते न तपासता लिहीत राहणारा प्रोग्राम एखाद्या मंद ग्राहकापायी सगळी मेमरी संपवतो.