काचेपलीकडचा स्पॉक

(दृश्य : पारदर्शक भिंत. अलीकडून टेकलेला एक तळहात, पलीकडून दुसरा.)

१९८२ सालचा ‘स्टार ट्रेक : द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट. खलनायक खानने सुरू केलेल्या जेनेसिस यंत्राचा स्फोट व्हायला चार मिनिटं उरलीत आणि एंटरप्राइझ यानाची मुख्य शक्ती बंद आहे. यानावरचा अधिकारी स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरतो, झाकण काढतो आणि हातांनी दुरुस्ती करतो. यान निसटतं. त्याचा जुना मित्र, ॲडमिरल कर्क, धावत खाली पोचतो, तेव्हा दोघांच्या मध्ये काच असते.

इथली एक छोटी हालचाल नीट बघा. स्पॉक कसाबसा उभा राहतो आणि अंगातला गणवेश खाली ओढून सरळ करतो. मित्रासमोर जाताना नीटनेटकं असायला हवं, एवढंच. मग चार पावलं टाकतो आणि काचेवर आदळतो. त्याला आता दिसत नाही, हे आपल्याला असं कळतं. कोणी बोलून सांगत नाही. स्पॉक साकारणाऱ्या लेनर्ड निमॉयने हा मृत्यू या दोन गोष्टींवर तोलून धरलाय.

(दृश्य : अंधारलेलं चित्रपटगृह, नुकते लागलेले दिवे.)

प्रदर्शनाआधी चाचणी खेळ झाला आणि प्रेक्षकांना शेवट फार जड गेला. चाचणी खेळात दिवे लागले की लगेच हातात फॉर्म येतो. गळा दाटलेला असतानाच माणूस खुणा करतो. त्या क्षणी ‘वाईट वाटलं’ आणि ‘वाईट आहे’ यांतला फरक कागदावर उतरत नाही. निर्मात्यांनी घाबरून शेवट बदलण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

मग शेवटाला जोड दिली गेली. त्या स्फोटातून जन्मलेल्या जेनेसिस ग्रहावरच्या हिरवाईत स्पॉकची शवपेटी, म्हणजे टॉर्पेडोचं कवच, शांत पडलेलं दिसतं आणि निमॉयच्या आवाजात मूळ दूरचित्रवाणी मालिकेचं ओळखीचं निवेदन ऐकू येतं. ही हिरवाई सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधली. दिग्दर्शक निकोलस मेयर यांचा या जोडीला विरोध होता. मेला तर मेला, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या मते मेयर यांची धास्ती योग्य होती, तरी ही जोड चालली. का चालली, ते क्रमात आहे. आधी मृत्यू. मग अंत्यविधी : यानाचा इंजिनियर स्कॉटी बॅगपाइपवर ‘अमेझिंग ग्रेस’ सुरू करतो, पेटी अवकाशात सुटते तेव्हा वाद्यवृंद ती धून उचलतो. मग कर्क आणि त्याचा मुलगा. मग यानाच्या नियंत्रण कक्षातलं बोलणं. हे सगळं पार पडल्यावरच ग्रह दिसतो. आता संकलनाच्या टेबलावर फक्त एक बदल करून बघा : स्पॉकने काचेपाशी प्राण सोडला की लगेच ग्रहाचा शॉट लावा. पुढचा अख्खा अंत्यविधी खोटा पडेल. प्रेक्षक रडायच्या ऐवजी हिशेब करू लागेल, की हा परत कसा येणार?

काचेच्या प्रसंगाची एक फ्रेमही या जोडीमुळे हलत नाही, हे महत्त्वाचं.

दुसरी पेरणी मृत्यूच्या आधीची. कक्षात शिरण्यापूर्वी स्पॉक यानाच्या बेशुद्ध डॉक्टरच्या, मॅकॉयच्या, चेहऱ्यावर हात ठेवून एकच शब्द बोलतो : लक्षात ठेव. पुढे वाट राहावी म्हणून निर्माते हार्व्ह बेनेट यांना ही जागा हवी होती. पहिल्यांदा बघताना तो निरोप वाटतो, आणि तसाच वाटायला हवा. पेरणी उगवायच्या आधी दिसली, तर ती फुकट गेली.

(दृश्य : पावसातलं शहर, मग अचानक डोंगर आणि ऊन.)

त्याच वर्षीचा ‘ब्लेड रनर’ याच्या उलट. तिथल्या कृत्रिम माणसांना आयुष्य चार वर्षांचं. त्यांचा म्होरक्या रॉय बॅटी पावसात बसून मरतो, त्या मरणाला वजन आहे ते या आकड्यामुळे. पण १९८२ साली प्रदर्शित प्रतीत शेवटी नायक निवेदनात सांगतो, की नायिका रेचलला, जी स्वतः कृत्रिम माणूस आहे, अशी मुदतच नाही. वर डोंगरांवरून घेतलेली हवाई दृश्यं, तीही ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन उरलेली. म्हणजे कथेचा नियमच मोडला. १९९२च्या प्रतीतून हा शेवट काढला गेला आणि चित्रपट पुन्हा आपल्या शब्दाला जागला. विज्ञानकथेत मृत्यू नियमातून येतो. किरणोत्सार, मुदत, ऑक्सिजन : जे कारण मारतं, त्याला शेवटच्या मिनिटात सूट दिली की आधीचे दोन तास पोकळ होतात.

‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’मध्ये, १९८६ साली, परग्रहावरची वनस्पती नायक-नायिकेला गिळते असा शेवट चित्रित झाला होता. चाचणी खेळात तो साफ पडला आणि दोघांना जिवंत ठेवणारा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. दिग्दर्शक फ्रँक ऑझ यांनी दिलेलं कारण प्रत्येक पटकथाकाराने जवळ ठेवावं असं आहे. रंगभूमीवर मेलेले नट शेवटी पुढे येऊन वाकून नमस्कार करतात. पडद्यावर ते येत नाहीत. तोच मृत्यू नाटकात पचतो आणि चित्रपटात घशात अडकतो. स्पॉकचा शेवटी येणारा आवाज आम्हाला त्या नमस्कारासारखा वाटतो. नट भेटून जातो, पात्र मेलेलंच राहतं.

(दृश्य : अवकाशात जळत खाली जाणारं यान.)

पुढच्या चित्रपटात, १९८४ साली, स्पॉक परत आला. दिग्दर्शन खुद्द निमॉयचं. पण फुकट नाही. त्याला परत आणताना कर्कचा मुलगा मारला जातो आणि एंटरप्राइझ कर्कला स्वतःच्या हातांनी उडवून द्यावं लागतं. आणि जो परत येतो, त्याला समोरचा मित्र ओळखू येत नाही. पांढऱ्या झग्यातला स्पॉक कर्ककडे बघत राहतो, अडखळतो, आणि खूप वेळाने त्याला एवढंच आठवतं, की या माणसाचं नाव जिम.