पासपोर्टचा फोटो कुणाकुणाकडे आहे?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईहून क्रूझवर निघालेली मंडळी आता सोलापुरातही भेटतात. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी सीएसएमटी, आणि तिथून क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, हाकेच्या अंतरावर. पण त्याआधी ऑनलाइन चेक-इन. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नाहीतर आधार, चेहऱ्याचा फोटो, घरच्यांचा नंबर, कधी जहाजावरच्या खर्चासाठी कार्डही. माणसाची सगळी कुंडलीच एका फॉर्मवर!

ही माहिती मोठ्या कंपन्यांकडूनही फुटते. २०१९ मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या ईमेल खात्यांत चोर शिरले. त्यात पासपोर्ट नंबरही होते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी कंपनीला साडेबारा लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तिथं आपण काही करू शकत नाही. नव्या पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र करू शकतो.

"काका, व्हॉट्सॲपवर पाठवलंय, चौघांचं प्रिंट काढा की." झालं! चार पासपोर्ट दुकानाच्या मोबाइलवर, तिथून कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये, आणि मग महिनोन् महिने तिथंच. काका सज्जन असतील, बहुतेक असतातच. पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात आणखी कोण कोण बसतं? तेव्हा प्रिंट हातात आली की समोरच डिलीट करायला सांगा. चॅटमधून, डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही. ओळखीच्या माणसाला कसं सांगायचं, असं वाटतं खरं. पण भीड भिकेची बहीण. त्यापेक्षा फॉर्म घरीच, आपल्या मोबाइलवर भरावा आणि बोर्डिंग पास मोबाइलवर चालतो का, हे कंपनीला विचारावं.

आधारची झेरॉक्स कुठं द्यावी लागली, तर मास्क्ड आधार चालेल का, तेही विचारा. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलच्या नावात आपलं नाव आणि खाली मेसेजमध्ये जन्मतारीख लिहून पाठवलीत, तर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं.

"तुमचं चेक-इन अपूर्ण आहे, आजच करा" असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. कंपनीचं ॲप स्वतः उघडून बघा. बोर्डिंग पास स्टेटसला तर नकोच. त्यावर बुकिंग नंबर असतो, बारकोड असतो, आणि घराला कुलूप आहे हेही गल्लीभर कळतं. फोटो घरी परत आल्यावर टाका, समुद्र तोच असतो.

अजून एक. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते. खात्यातून पैसे गेले तरी बँकेचा मेसेज वेळेवर येणार नाही, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करण्यात उशीर होईल. म्हणून जे कार्ड जहाजावर लागणार नाही, त्याचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच बंद करा. परत आलात की पुन्हा सुरू करता येतात.