‘बरंय म्हणते’

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको. बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वर पत्रा, शेजारच्या खोलीत यंत्रमागाची खडखड, आणि अशा घरात कोपऱ्यातल्या बाजेवर बाळंतीण. कानाला फडकं बांधलेलं, बाजेखाली शेगडी. तीस वर्षं मी नर्सबाई म्हणून या गल्ल्यांतून फिरले. त्यातली निम्मी "शेगडी बाहेर काढा" असं म्हणण्यात गेली असतील. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशोपा, ओव्याची धुरी, सगळं वेळच्या वेळी. शेंगाचटणीचं मात्र सव्वा महिना दर्शन नाही. आणि घर मराठी बोलणारं असो, तेलुगू, कानडी की उर्दू, एक नियम सगळीकडे सारखा: बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही.

नियम चांगला आहे. पण त्याच नियमापायी मी एकदा फसले, ते आज सांगते.

पंधराएक वर्षं झाली. पूर्व भागातलं घर. सून तेलुगू बोलणारी, नवीनच सोलापुरात आलेली, मराठी जेमतेम. बाळ चौदा दिवसांचं. मी बाळाचं वजन केलं, बेंबी बघितली, आईचे टाके बघितले. मग विचारलं, "कसं वाटतंय गं तुला?" तिनं मान खाली घातली आणि बोलायला लागली. चांगली चार-पाच वाक्यं बोलली. सासूबाईंनी मला मराठीत सांगितलं, "काही नाही हो, बरंय म्हणते."

चार-पाच वाक्यांचं मराठी एवढंसं होत नसतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी रजिस्टरात ‘बरी’ असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

महिन्यानं तिची आई भेटायला आली. लेकीनं तिला तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. बाळ रडलं की छातीत धडधडतं. रात्रभर डोळा लागत नाही. या लेकराला माझ्यापेक्षा बरी आई मिळायला हवी होती. मी नसते तर सगळ्यांचं चांगलं झालं असतं. त्या माउलीनं दुसऱ्या दिवशी लेकीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या, समुपदेशन, सहा-सात महिने लागले, आणि ती बरी झाली. मधला एक महिना मात्र माझ्या नावावर राहिला.

सासूबाई दुष्ट नव्हत्या हं. रोज लाडू त्याच करायच्या. घरातलं बाहेरच्या बाईला कशाला सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात. म्हणून म्हणते, बाळंतीण कधी एकटी नसते, आणि म्हणूनच तिला मोकळं बोलायला कधी मिळत नाही.

आता कोणतं रडणं साधं आणि कोणतं नाही, हे बघू. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगीच रडू येणं, चिडचिड होणं, हे निम्म्याहून जास्त बायांना होतं. शरीरातले हार्मोन्स एकदम खाली येतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं. दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, जवळ माणूस लागतं. दोन आठवडे उलटून गेले तरी मन उठतच नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, सतत अपराधी वाटत असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर ते नैराश्य. ते पहिल्या महिन्यातच येतं असं नाही, वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं.

आणि हे फार थोड्यांना होतं असं समजू नका. गोव्यात केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५२ आयांपैकी ५९ जणींना नैराश्य होतं, म्हणजे जवळजवळ दर चौघींत एक. कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती आणि मुलगी झाली हेही होतं. ‘दुसरी पण मुलगीच का?’ असं बारशाला येऊन विचारणाऱ्या पाहुण्यांनी हे जरा ऐकावं.

चिंतेचं दुखणं ओळखायला जास्त अवघड, कारण तिथं रडणं दिसतच नाही. आई फार काळजी घेते म्हणून घरचे कौतुकच करतात. ती मात्र रात्री वीस वेळा उठून बाळाच्या नाकासमोर बोट धरून श्वास बघते. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. आणखी एक गोष्ट बाया मरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत: बाळ हातातून पडेल, आपल्याच हातून त्याला काही होईल, असे विचार नको नको म्हणताना मनात घुसतात. बाई गं, तू ऐकत असशील तर नीट ऐक. त्या विचारांनी तुला धडकी भरते, किळस येते, याचा अर्थ तसं करायची तुझी इच्छा नाही. तू वाईट आई नाहीस. यावर उपचार आहेत आणि डॉक्टरांनी हे पुष्कळदा ऐकलेलं असतं.

वेगळं आहे ते एकच. हजारात एक-दोन जणींना बाळंतपणानंतर, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, मनाचा तोलच जातो. दिवस-दिवस झोप नाही, असंबद्ध बोलणं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलतेच संशय. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, आणि मग अंगारे-धुपारे सुरू. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, लिंबू नंतर उतरवा. आधी १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. आई आणि बाळाला तेवढा वेळही एकत्र एकटं ठेवू नका. इथं तो जुना नियम शंभर टक्के पाळायचा.

मग जायचं कुठं? सगळ्यांत जवळची म्हणजे आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी येते. सहा भेटी. ती वजनकाटा काढते तेव्हा सगळे बाळाभोवती जमतात. तीच वेळ गाठायची. "ताई, मला झोप नाही, मला भीती वाटते" एवढं म्हटलं तरी पुरे. आणि आशाताईंनो, तुम्हाला माझी हात जोडून विनंती: सासूला चहा ठेवायला सांगा, नवऱ्याला बाळ घेऊन बाहेर पाठवा, काहीही करा, पण पाच मिनिटं ती आणि तुम्ही. तुम्हाला तिची भाषा येत नसेल तर गल्लीतली ती भाषा येणारी बाई आणा, शक्यतो त्या घरातली नको.

घराबाहेर पडता येत नसेल तर फोन आहे. १४४१६. ‘टेली-मानस’ म्हणतात त्याला. सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. आपल्या गावासाठी यातली मोठी सोय म्हणजे तिथं भाषा निवडता येते. मराठी आहे, तेलुगू आहे, कानडी आहे, उर्दूही आहे. मध्ये कुणी दुभाष्या नको. काय बोलायचं सुचलं नाही तर एवढंच सांगा: "माझं बाळंतपण होऊन इतके दिवस झाले आणि मला बरं वाटत नाही." पुढचं ते विचारतात.

प्रत्यक्ष दाखवायचं तर आपलं सिव्हिल आहे, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग म्हणायचं. लाज वाटत असेल तर बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंनाच आधी सांगा, त्या चिठ्ठी देतात. तिथं कदाचित तुम्हाला दहा प्रश्नांचा एक कागद देतील. १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराच्या नावानं तयार झालेला हा कागद जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत पूर्वीसारखं हसू आलं का, उगीच स्वतःला दोष दिला का, असं विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो गाळू नका, खरं लिहा. रक्तही तपासून घ्या. हिमोग्लोबिन फार उतरलेलं असलं किंवा थायरॉईड बिघडलेलं असलं तरी माणूस असाच गळून जातो.

गोळ्यांचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न, "मग अंगावरचं दूध तोडायचं का?" बहुतेक वेळा नाही. दूध पाजताना चालतील अशी औषधं आहेत, बाळ अंगावर आहे हे फक्त डॉक्टरांना सांगायचं. मेडिकलमधून आपल्या मनानं काही आणायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचंही नाही.

दुसरी भीती असते ती म्हणजे दवाखान्यात ठेवलं तर लेकराला काढून घेतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की तीन वर्षांखालचं मूल दाखल झालेल्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. बाळाला धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरतं.

नवऱ्यांसाठी एकच काम सांगते. रात्रीचं एक दूध-लंगोट तुम्ही बघा, आणि तिला सलग चार-पाच तास झोपू द्या. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजता येतं. कारखान्याची पाळी असते हे मला माहीत आहे. पाळी नसेल त्या रात्री तरी करा.

आता पेन घ्या, नंबर पुन्हा सांगते. एक, चार, चार, एक, सहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशेब लिहिता ना, तिथंच लिहून ठेवा. म्हणजे तो कुणासाठी लिहिलाय असं कुणी विचारणार नाही.

नमस्कार.