गच्चीवरचं अक्षर

नमस्कार श्रोतेहो. दुपारची भांडी आवरून निवांत बसला असाल, तर आज तुम्हाला सँटा बार्बराला नेते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं हे गाव. पुढे समुद्र, मागे डोंगर, पांढऱ्या भिंती आणि लाल कौलं. कौलं म्हटल्यावर कोकणातले श्रोते हसतील, पण तिथल्या कौलांमागे एक भूकंप आहे. 29 जून 1925 च्या पहाटे गावचा मुख्य रस्ता कोसळला. मग नव्याने बांधायचं तर सगळं जुन्या स्पॅनिश धाटणीचं, असं गावाने ठरवलं. म्हणून ते आजही सिनेमाच्या सेटसारखं दिसतं.

पण आपल्याला ते नाव कळलं टीव्हीमुळे. केबल नुकती आली होती, स्टार प्लस इंग्रजीत बोलायचं आणि त्यावर लागायची 'सँटा बार्बरा' ही मालिका. 1984 साली अमेरिकेत सुरू झाली, 1993 च्या जानेवारीत संपली, भाग दोन हजारांहून जास्त. कॅपवेल नावाचं गडगंज घराणं, त्यांचं हॉटेल, त्यांची भांडणं. आणि गंमत अशी, की बहुतेक चित्रीकरण व्हायचं बरबँकच्या स्टुडिओत, गावापासून सुमारे दीडशे किलोमीटर लांब. म्हणजे सांगलीची गोष्ट पुण्यात बसून करायची!

आमच्या वाड्यात केबल फक्त एका बिऱ्हाडात होती, काकूंकडे. काकूंना इंग्रजीचा गंध नाही. तरी त्या समोरच्याचा चेहरा बघून गोष्ट सांगायच्या आणि नव्वद टक्के बरोबर सांगायच्या. क्रूझ हा पोलीस, तो त्यांचा 'फौजदार'. ईडन ही 'थोरली'. घरचे मालक सी. सी. कॅपवेल म्हणजे 'सरकार'.

आता ऐका, ज्यासाठी मी आज इथे आले ते. हे आमच्या वाड्यात कुणी पाहिलं नव्हतं. मी पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि माहेरी गेले तेव्हा काकूंना सांगितलं. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या.

म्हटलं, काकू, त्या मालिकेत मेरी नावाची मुलगी होती. आधी नन होती, मग संसारात आली. सरकारांच्या मेसनचा तिच्यावर जीव. लोकांची भारी लाडकी, आणि पोटुशी. 1986 च्या जुलैमधली गोष्ट. मेरी कॅपवेलांच्या हॉटेलच्या गच्चीवर आहे. गच्चीवर काय? हॉटेलच्या नावाची पाटी. निऑनच्या दिव्यांची, भलीमोठी अक्षरं. नीट ऐका, गच्चीवर पाटी, आणि पाटीवर घराण्याचं आडनाव.

काकूंचा हात थांबला.

म्हटलं, कॅपवेलमधलं पहिलं अक्षर, 'सी', तेच निखळलं आणि मेरीच्या अंगावर पडलं. मेली ती.

काकू बघतच राहिल्या. "अक्षर पडलं?"

"हो. सी."

"रोग नाही, विष नाही, सवतीने ढकललं नाही?"

"नाही. सी पडला."

लसणाची पाकळी खाली ठेवत काकू म्हणाल्या, "आणि ज्याने तो नीट बसवला नव्हता, त्याला कामावरून काढला का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण तिकडे अमेरिकेतही प्रेक्षक भयंकर चिडले होते. इतकी लाडकी बाई मारायची ती अशी? लेखकांना वाटलं असेल धक्का द्यावा. मला विचाराल तर धक्का देण्यापेक्षा वाट बघायला लावणं अवघड. नभोनाट्यात नुसत्या जिन्यावरच्या पावलांनी अंगावर काटा यायचा. आता मात्र एक सासू वळते, तर तीनदा वळताना दाखवतात, मागे ढोल! असो. आणि पाटीचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे साताऱ्यात एका इमारतीचं नाव 'सी व्ह्यू' आहे. गच्चीवरून दिसते ती फक्त पाण्याची टाकी.

तर, सँटा बार्बरा. ही मालिका सगळ्यात खोल रुजली ती रशियात. 2 जानेवारी 1992 ला तिथे सुरू झाली. त्याच दिवशी तिथल्या सरकारने किमतींवरचं नियंत्रण उठवलं. दुकानात भाव भडकलेले आणि संध्याकाळी टीव्हीवर कॅपवेलांचा बंगला. आजही तिथे कुणाच्या घरात लग्नाचा, प्रेमाचा गुंता झाला की म्हणतात, सँटा बार्बरा चाललंय नुसतं. आपण 'महाभारत' म्हणतो ना, तसं.

रॉबिन राइट याच मालिकेतून पुढे आली, लिओनार्डो डिकॅप्रिओनेही लहानपणी त्यात थोडं काम केलं. ओळीने तीन वर्षं, 1988 ते 1990, एमी पुरस्कार मिळाले. हे काकूंना सांगायचं राहिलं.

त्यानंतर बाजारात जाताना काकू दुकानांच्या पाट्यांखालून चालेनाशा झाल्या. रस्त्याच्या मधून चालायच्या. रिक्षावाले ओरडायचे, तर त्या वर बोट दाखवायच्या.